सहा भाग, एक खटला अन् नागपूरचा निकष

गांधीबागच्या कापड मार्केटमध्ये दुपारी गिऱ्हाईक पांगलं, की काउंटरमागे मोबाइल निघतात. ‘काय बघून राहिला बे?’ ‘मानवत मर्डर्स. आठच एपिसोड आहेत, रात्रीतून उडवतो!’

‘आठच’ हीच तर या प्रकारातली गंमत. गोष्ट ठरल्या भागात संपणार. टीआरपी आहे तोवर पाणी घालत बसणं नाही. ओटीटीवर याला लिमिटेड सिरीज म्हणतात. जुनं नाव मिनी सिरीज. तिची चलती सुरू झाली अमेरिकेत, सत्तरच्या दशकात. जाडजूड कादंबरी दोन तासांच्या सिनेमात कोंबण्यापेक्षा काही रात्रींत वाटून दाखवायची, इतकी साधी आयडिया! जानेवारी १९७७ मध्ये एबीसी वाहिनीने ॲलेक्स हेली यांच्या पुस्तकावरची ‘रूट्स’ सलग आठ रात्री दाखवली. गुलामगिरीचा इतिहास थेट लोकांच्या दिवाणखान्यात आला. मग १९८० मध्ये ‘शोगुन’, १९८३ मध्ये ‘द थॉर्न बर्ड्स’... रांगच लागली.

आपल्याकडे दूरदर्शनने १९८८ मध्ये असाच मोठा डाव खेळला. भीष्म साहनींची फाळणीवरची कादंबरी, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, ओम पुरी, दीपा साही, अमरीश पुरी. सहा भागांची ‘तमस’! निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले. फाळणीत त्यांच्या कुटुंबाला घर सोडावं लागलं होतं.

दंगली कोण पेटवतं अन् मरतं कोण, हे ‘तमस’ने आडपडदा न ठेवता दाखवलं. लगेच ‘बंद करा, लोक भडकतील’ अशी ओरड झाली. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आधी मालिका स्वतः पाहिली, मगच दाखवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं.

अन् सुप्रीम कोर्टाने आधार कशाचा घेतला? आपल्या नागपूरचा! जुन्या नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी एका खटल्यात निकष घालून दिला होता. शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने. जिथे-तिथे धोका दिसणाऱ्या भित्र्या मनाच्या नजरेने नव्हे.

आज एखाद्या सिरीजचा ट्रेलर आला, की दोन तासांत बंदीचा हॅशटॅग सुरू होतो. सिरीज कोणी पाहिलेली नसते. अशा वेळी लेंटिन-मनोहर यांची साधी रीत आठवावी: आधी पाहा, मग बोला.

‘तमस’ पाहायची झाली, तर एकट्याने इअरफोन लावून नको. गांधीबागेत असो की जरीपटक्यात, सिंधमधून नेसत्या वस्त्रानिशी आलेल्यांची नातवंडं आज आपल्या वर्गात आहेत. त्यांच्या घरी आजी-आजोबांसोबत बसून पाहा. सहा भाग लवकर संपतील, त्यानंतरच्या गप्पा मात्र रात्रभर पुरतील.