बिझनेस प्लॅन स्पर्धेत उतरण्याआधी: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

परीक्षेच्या अर्जाची तारीख आणि गॅदरिंगची सूचना यांच्या मधोमध कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक पत्रक लागतं: ‘बिझनेस प्लॅन स्पर्धा’. पुष्कळ मुलं-मुली ते वाचतात, मनात काहीतरी चमकतं आणि ‘हे एमबीएवाल्यांचं काम’ म्हणून पुढे निघून जातात. ज्यांनी हमखास नाव द्यायला हवं तेच मागे राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांना अडवणाऱ्या समजुती बहुतेक ऐकीव असतात. त्या एकेक करून तपासू.

या स्पर्धा काही आजकालच्या नाहीत. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात १९८४ मध्ये ‘मूट कॉर्प’ सुरू झाली. बॉस्टनजवळच्या एमआयटीत १९९० मध्ये १० हजार डॉलरच्या बक्षिसाने सुरू झालेली स्पर्धा पुढे ५० हजार आणि मग एक लाख डॉलरवर गेली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ई-सेलची, म्हणजे उद्योजकता कक्षाची, स्थापना १९९८ ची, आणि तिची ‘युरेका’ स्पर्धा देशभरातल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजांतही अशा स्पर्धा होतात.

गैरसमज १: आजवर कुणालाच सुचली नाही अशी कल्पना हवी.

वस्तुस्थिती: समजा, कुडाळच्या दोन मैत्रिणींनी फणसाचे तळलेले गरे विकायचं ठरवलं. गऱ्यांत नवं काय? कोकणात घरोघरी होतात. पण परीक्षक नवलाईच्या आधी तीन गोष्टी विचारतात: अडचण कुणाची आहे, आज ती माणसं कसं भागवतात आणि ती तुमच्याकडे का येतील? या मैत्रिणी मुंबईतल्या दुकानदारांशी बोलल्या तर कळेल, की गरे खपतात, पण साध्या पिशवीत लवकर खवट होतात. मग नायट्रोजन भरलेल्या पाकिटाचा विचार सुचतो, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळेच तेलाला खवट वास येतो. दुसरा प्रश्न हंगामाचा. गऱ्यांना जून झालेला, पण न पिकलेला कापा फणस लागतो आणि तो वर्षातले थोडेच महिने मिळतो. उरलेल्या महिन्यांत कढई रिकामी ठेवायची की केळ्याचे वेफर्स तळायचे? याचं उत्तर ज्यांच्याकडे आहे, त्यांची जुनी कल्पनाही परीक्षकांना पटते.

गैरसमज २: बाजारपेठ जितकी अफाट दाखवू, तितकी छाप पडते.

वस्तुस्थिती: ‘देशात १४० कोटी लोक, त्यातल्या एक टक्क्याने जरी घेतलं तरी…’ हे वाक्य परीक्षकांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं, की तिथेच त्यांचं लक्ष उडतं. तो एक टक्का म्हणजे एक कोटी ४० लाख माणसं. त्यांच्यापर्यंत पाकीट कोण पोचवणार? त्यापेक्षा एका पाकिटाचा हिशेब मांडा. आकडे समजुतीपुरते घेऊ आणि कर बाजूला ठेवू. विक्रीची किंमत ८० रुपये. दुकानदाराचं कमिशन १६. फणस, तेल, मीठ, मजुरी ३६. पाकीट आणि लेबल ८. वाहतूक ४. फुटलेला, परत आलेला माल ४. हातात उरले १२ रुपये. गाळ्याचं भाडं, वीज आणि एका माणसाचा पगार मिळून महिन्याला २४ हजार खर्च धरला, तर निव्वळ तोंडमिळवणीसाठी २,००० पाकिटं खपायला हवीत. महिन्याला २५ दिवस विक्री धरली तर रोज ८० पाकिटं. म्हणजे २० दुकानं आणि प्रत्येक दुकानात रोज चार पाकिटं. आता ही योजना नकाशावर बोट ठेवून दाखवता येते, आणि ती कुठे कोसळेल हेही दिसतं. दुकानदाराने २० ऐवजी २५ रुपये शेकडा कमिशन मागितलं, तर १२ चे आठ होतात आणि २,००० ची ३,००० पाकिटं होतात. हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, तर परीक्षकांचा विश्वास वाढतो.

गैरसमज ३: स्टेजवर बोललो की कल्पना चोरीला जाते. आधी परीक्षकांकडून करारावर सही घ्यावी.

वस्तुस्थिती: अशा स्पर्धांचे परीक्षक गोपनीयतेच्या करारावर सहसा सही करत नाहीत. नुसत्या कल्पनेवर पेटंट मिळत नाही आणि कॉपीराइटही नाही. कॉपीराइट तुम्ही ती ज्या शब्दांत, चित्रांत मांडली त्यावर असतो. मात्र तुमच्याकडे खरोखरच नवं यंत्र किंवा नवी प्रक्रिया असेल, तर सावध राहायलाच हवं. खुल्या सभागृहात तपशील सांगून मोकळे झालात, तर नंतर पेटंट मागताना तो शोध ‘नवा’ उरत नाही. कायद्यातल्या सवलती मोजक्या प्रसंगांपुरत्या आहेत. म्हणून आधी पेटंटसाठी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज करा. व्यक्ती, स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे, आणि संपूर्ण तपशील द्यायला पुढे १२ महिने मिळतात. स्टेजवर काय साधतं ते सांगा, ते कसं साधतं याची कृती राखून ठेवा.

गैरसमज ४: कॉलेजच्या स्पर्धेत उतरलं की धंदा कॉलेजचा होतो.

वस्तुस्थिती: केंद्र सरकारने २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण आणलं. संस्थेची साधनं किंवा निधी मोठ्या प्रमाणावर वापरून, किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शोध लागला असेल, तर मालकी संयुक्त असावी. तसं नसेल, तर ती शोध लावणाऱ्यांची, असं हे धोरण सांगतं. जागा, बीजनिधी अशा मदतीच्या बदल्यात संस्था २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. मात्र प्रत्येक संस्थेचे आणि प्रत्येक स्पर्धेचे नियम वेगळे असतात. नियमपत्रिकेतलं मालकीचं कलम अर्ज करण्याआधी वाचा आणि शंका असेल तर संयोजकांना लेखी विचारा.

गैरसमज ५: जाडजूड अहवाल आणि फाडफाड इंग्रजी हवं.

वस्तुस्थिती: बहुतेक ठिकाणी पहिल्या फेरीत दोन-चार पानांचा सारांश किंवा नऊ चौकटींचा ‘बिझनेस मॉडेल कॅनव्हास’ मागतात आणि पुढे काही मिनिटांचं सादरीकरण असतं. गुण खरे हलतात ते त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत. भाषेचा नियम आधी पाहा. इंग्रजीची अट असली तरी साधी, छोटी वाक्यं पुरतात. ‘किती दुकानदारांशी बोललात?’ या प्रश्नाला ‘अठरा, त्यातल्या सात जणांनी नमुना ठेवून घेतला’ असं उत्तर असेल, तर व्याकरणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि ‘हे आम्ही अजून तपासलेलं नाही’ असं सरळ सांगणं कधीही थापेपेक्षा बरं.

गैरसमज ६: जिंकलो तर धंदा उभा राहिला, हरलो तर मेहनत वाया.

वस्तुस्थिती: १९९८ मध्ये एमआयटीच्या स्पर्धेत टॉम लेटन आणि डॅनी लेविन यांचा संघ अंतिम फेरीत पोचला, पण जिंकला नाही. त्याच वर्षी त्यांनी ‘अकामाय’ कंपनी स्थापन केली. इंटरनेटवरचा मजकूर जगभर वेगाने पोचवणाऱ्या आघाडीच्या कंपन्यांत आज तिचं नाव आहे. ‘क्लाउडफ्लेअर’ने मात्र २००९ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलची स्पर्धा जिंकली होती. दोन्ही कंपन्या वाढल्या त्या गिऱ्हाइकांमुळे. म्हणूनच राज्य सरकारच्या ‘महाराष्ट्र स्टार्टअप वीक’ची पद्धत मला मोलाची वाटते. तिथे निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी खात्यांत प्रत्यक्ष काम करून दाखवण्यासाठी ऑर्डर मिळते. रोख बक्षीस एकदा खर्च झालं की संपतं. पहिली ऑर्डर पार पडली की दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला काहीतरी हातात राहतं.

तेव्हा यंदा पत्रक दिसलं की एक वही घ्या आणि शेवटच्या तारखेआधीचे पंधरा दिवस दुकानं, बाजार, कारखाने पालथे घाला. स्लाइड शेवटच्या दोन दिवसांत होतात. ‘पोरी, गरे चांगलेत गो, पण पंधरा दिवसांनी वास मारतात’ असं एखादा दुकानदार म्हणाला, तर ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. सादरीकरणाची सुरुवात त्याच वाक्याने करा.