तेलाचा डबा किती दिवस पुरावा?

तेलाचा डबा घेताना आपण भावाची घासाघीस करतो, परंतु तो घरात किती दिवस पुरला याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. सुरतेस पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या बाजूस धुळे, नंदुरबार, जळगावकडची पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. कित्येकांची शेती गावी आणि रोजगार येथे. खाणेही दोन्हीकडचे. गावची लाल तर्रीची शेवभाजी सुटली नाही आणि लोचो, फाफडा, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीची घारी ही सुरतेची चव जोडीला आली. नांगरामागे चालणारा बाप जेवढे तेल पचवी तेवढेच शिलाई मशीनवर दिवसभर बसणाऱ्या मुलाने खाल्ले, तर ते जाणार कोठे? पोटाभोवती साठणार आणि पुढे हृदयावर भार येणार.

तेल-तूप हे विष नव्हे, हे आधी ध्यानी घ्यावे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांवाचून शरीरात नीट शोषली जात नाहीत. म्हणून पालेभाजीला थोडी फोडणी हवीच. दोन वर्षांखालील मुलांचे तूप-दूध तर मुळीच तोडू नये. त्यांच्या मेंदूच्या वाढीला ते लागते. मात्र एक ग्रॅम पिठूळ पदार्थापासून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलापासून ९. अडचण येते ती येथे.

आता हिशेब करू. बैठे किंवा मध्यम काम करणाऱ्यास दिवसाला वरून घातलेले तेल-तूप मिळून २५ ते ३० ग्रॅम पुरते. घरात पाच माणसे असतील तर दिवसाचे १५० ग्रॅम झाले. म्हणजे १५ किलोचा डबा १०० दिवस चालला पाहिजे. तो ६० दिवसांत संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज ५० ग्रॅम तेल जात आहे, आणि बाहेरचे फरसाण यात धरलेलेच नाही. (डबा किलोचा की लिटरचा हे पाहावे. लिटरभर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते.) शेतात दिवसभर राबणाऱ्यास यापेक्षा अधिक चालते. आमची सूचना एवढीच की डबा फोडला त्या दिवशी त्यावर खडूने तारीख लिहावी.

तेल कोणते, हा पुढला प्रश्न. साध्या हवेत जे थिजते त्यात संपृक्त चरबी अधिक, असे ढोबळ मानाने समजावे. साजूक तुपात ती निम्म्याहून जास्त, पाम तेलात निम्म्याच्या आसपास आणि खोबरेल तेलात तर नव्वद टक्क्यांच्या जवळपास असते. ती फार झाली की रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते. शेंगदाणा, तीळ, करडई, मोहरी यांच्या तेलांत असंपृक्त भाग मोठा, म्हणून ती बरी. पोळीवर चमचाभर तुपाला आमची हरकत नाही. तुपात तळलेल्या घाऱ्या आठवडाभर खाण्याला आहे. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापलेल्या तेलाला मात्र जास्त पैसे मोजू नयेत. वनस्पतीच्या कोणत्याही तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतेच असते.

सरकीचे तेल आपल्या कापूसवाल्या मुलखाचे. त्यात संपृक्त भाग साधारण चौथा हिस्सा असतो. पण कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते व ते शुद्धीकरणातच निघते, म्हणून सरकीचे तेल नेहमी रिफाइंडच घ्यावे. याच गॉसिपॉलमुळे सरकीची ढेप रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांना चालते. कोंबड्यांना व डुकरांना मात्र ती बाधते.

घाण्याच्या शेंगदाणा तेलाची सध्या मोठी चलती आहे. तेल चांगलेच, पण दाणा चांगला हवा. ओलसर साठविलेल्या शेंगांवर बुरशी धरते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. शुद्धीकरणात ते निघून जाते, घाण्याच्या तेलात राहू शकते. शेंगा कडक उन्हात पुऱ्या वाळवाव्यात, आणि काळे, सुरकुतलेले, बुरसट दाणे निवडून टाकावेत. घाण्यावर त्यांची भर घालून वजन वाढवू नये.

डालडा हे नाव १९३७ पासून घरोघर गेले. तेलातून हायड्रोजन वायू निकेल धातूच्या सान्निध्यात सोडला की तेल तुपासारखे घट्ट होते. हे काम अर्धवट ठेवले की त्यातून ‘ट्रान्स फॅट’ ही सर्वांत वाईट चरबी तयार होते. ती घातक कोलेस्टेरॉल वाढविते आणि चांगले घटविते. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेले व वनस्पती यांत ती २ टक्क्यांहून अधिक असता कामा नये असा नियम आहे. तेव्हा आजचे वनस्पती पूर्वीइतके वाईट नाही, पण त्यातील संपृक्त चरबी काही गेलेली नाही. स्वस्त खारी, नानकटाई, बिस्किटे यांच्या पुड्यावर ‘वनस्पती’ किंवा ‘पामोलिन’ हे शब्द शोधावेत.

राहिले तळणाचे तेल. नाक्यावरच्या कढईत कालचेच तेल आज तापते व वरून ताजे ओतले जाते. ताजे घातल्याने जुने सुधारत नाही. पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलात बिघडलेली द्रव्ये साठत जातात, आणि ती २५ टक्क्यांपुढे गेली की ते तेल वापरण्यास २०१८ पासून कायद्याने मनाई आहे. गिऱ्हाइकाने मोजावे कसे? तेल काळपट व चिकट झाले, फेस बसत नाही, लवकर धूर येतो, एवढे दिसले की पुढल्या दुकानी जावे. घरी उरलेले तळणीचे तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे, त्यात दुसऱ्यांदा तळू नये.

जवसाची चटणी अनेक घरांतून नाहीशी झाली आहे, ती परत आणावी. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ ही हृदयाला उपकारक चरबी असते आणि ती आपल्या इतर तेलांत फार थोडी. जवस मंद आचेवर भाजून, लाल मिरची, लसूण व मीठ घालून कुटावा. कुटलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून चटणी आठवड्यापुरतीच करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी.