सापडलं कुठे?

नवखा माणूस मंडळात येतो तो बहुधा रुमालाची पुरचुंडी घेऊन. गाठ सोडतो, नाणी टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "याचे किती येतील?" जुना सभासद त्यातलं एक नाणं कडेला धरून उचलतो, भिंगाखाली फिरवतो आणि उत्तराऐवजी विचारतो, "सापडलं कुठे?" नाणी आणि नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळाचं खरं काम या दुसऱ्या प्रश्नाभोवती चालतं. तो प्रश्न ज्याच्या मनात रुजला तो वर्षानुवर्षं येत राहतो. बाकीचे भाव विचारून जातात.

मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत अशी मंडळं आहेत. महिन्यातला एखादा रविवार, शाळेचा रिकामा वर्ग किंवा वाचनालयाची खोली, दोन टेबलं, दिवा, भिंग, सराफाकडे असतो तसा लहान वजनकाटा आणि पानं सुटत आलेले कॅटलॉग. सभासदांत शिक्षक असतात, सराफ असतात, आणि बँकेतले कॅशियर व एसटीचे कंडक्टर तर हमखास, कारण रोजची मोड त्यांच्याच हातातून जाते. आधी कुणीतरी एका नाण्याबद्दल बोलतो, मग शंका निघतात, मग अदलाबदल, आणि शेवटी छोटासा लिलाव. चहा मध्येच कधीतरी येतो.

असं मंडळ समजून घ्यायचं तर नाशिकसारखी जागा नाही. सातवाहनांपासून आजच्या नोटेपर्यंत सगळं या एका जिल्ह्याच्या मातीत आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) ठेव म्हणून दिले. दोन हजारांवर महिना एक टक्का आणि हजारावर पाऊण टक्का व्याज ठरलं. त्या व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंचा खर्च भागायचा. पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, हा भावही त्याच दानलेखांत कोरलेला आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा कायम ठेवीचा करार आणि नाण्यांचा विनिमय दर डोंगराच्या भिंतीवर वाचायला मिळतो, ही गोष्ट नाशिककरांनी शाळेच्या सहलीत मुलांना आवर्जून दाखवायला हवी.

त्याच नहपानाची चांदीची नाणी 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे सापडली. एक-दोन नव्हेत, 13,000 हून अधिक. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी व खरोष्ठी लेख. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला होता. नहपानाच्या नाण्यावरच चैत्याचं आणि उज्जैनी चिन्ह ठोकलेलं. एच. आर. स्कॉट यांनी 1908 मध्ये या निधीचा अभ्यास छापला. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची जी प्रशस्ती कोरवली, तीत त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश उखडला असं म्हटलं आहे. प्रशस्तीत राजाची स्तुती असतेच, ती किती खरी मानायची हा प्रश्न उरतो. जोगलटेंभीच्या नाण्यांनी तो सोडवला. हरलेल्या राजाची चांदी गोळा करून, न वितळवता, तिच्यावर नवा छाप मारून ती पुन्हा बाजारात आणली गेली होती. आता कल्पना करा, हा हंडा ज्याला सापडला त्याने तो गुपचूप सराफाकडे नेला असता आणि सगळी चांदी एका संध्याकाळी मुशीत गेली असती. महाराष्ट्राच्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं असतं. "सापडलं कुठे" या प्रश्नाचं मोल एवढं आहे. हीच नाणी सुटी सुटी, ठावठिकाण्याशिवाय बाजारात आली असती, तर ती चांगली विकली गेली असती, पण एवढं बोलली नसती.

नाशिकहून त्र्यंबककडे जाताना अंजनेरीच्या पायथ्याशी नाणकशास्त्राला वाहिलेली एक संस्था आहे. डॉ. परमेश्वरी लाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी 1980 च्या सुमारास तिची उभारणी केली. तिथलं नाण्यांचं संग्रहालय पाहून कितीतरी हौशी लोक नुसतं जमवणं सोडून अभ्यासाकडे वळले. हौशी मंडळ आणि संशोधन संस्था यांच्यात अंतर असतं हे खरं, पण नाण्यांच्या बाबतीत ते फार कमी आहे. याचं कारण नाणी पाडण्याच्या जुन्या पद्धतीतच आहे.

यंत्रं येण्यापूर्वी नाणं हाताने पाडत. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे ठशावरचा सगळा मजकूर एका नाण्यावर सहसा उतरत नसे. पेशवाईतला अंकुशी रुपया घ्या. त्यावर मजकूर फारसीत, नाव दिल्लीच्या बादशहाचं, कारण बाजाराचा विश्वास त्या नावावर होता. मराठ्यांची खूण म्हणून अंकुश. टांकसाळीचं नाव 'मुहियाबाद पूना'. पण एका रुपयावर 'पूना' दिसतं आणि साल कापलेलं असतं, दुसऱ्यावर साल दिसतं आणि गाव गायब. चांदवडच्या टांकसाळीचंही तेच. तिथल्या रुपयावर 'जाफराबाद उर्फ चांदोर' असं नाव असायला हवं, पण हातातल्या नाण्यावर त्यातली दोन-तीन अक्षरं आली तरी नशीब. एकट्या माणसाला ते नाणं पुरतं वाचता येत नाही. मंडळात चौघांची चार नाणी शेजारी ठेवली की ठसा पूर्ण होतो. कुणीतरी कागदावर तो रेखाटतो, आणि तेवढ्यात एखाद्याच्या लक्षात येतं की आपल्याकडचं पाचवं नाणं या ठशात बसतच नाही, म्हणजे ठसा वेगळा. मंडळ का हवं याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. छंद एकट्याने जोपासता येतो, वाचन मात्र सगळ्यांनी मिळून करावं लागतं.

शिवराईवर तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक संग्राहकाचा जीव. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', मजकूर एवढाच. तांब्याचा हा पैसा राज्याभिषेकानंतर पिढ्यान् पिढ्या चालला आणि अनेक ठिकाणी पडला, म्हणून त्याच्यावरची अक्षरं बदलत गेली. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव'. कुठे ठिपक्यांचं वर्तुळ, कुठे चंद्र, कुठे सूर्य. उत्तरकाळातल्या दुदांडी शिवराईवर ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतात. सोन्याचा शिवराई होन कुणाच्या हाती लागणं दुरापास्त, पण झिजलेली तांब्याची शिवराई आजही साध्या माणसाला परवडते. ज्याच्याकडे खर्चायला पैसे नाहीत पण बघायला डोळे आहेत, त्याने शिवराईपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

नोटांचं दालन वेगळं आणि नाशिककरांना घरचं. नाशिक रोडच्या छापखान्यातून 1928 पासून नोटा निघत आहेत. त्यापूर्वीच्या नोटा इंग्लंडात छापून येत. पहिल्या महायुद्धात चांदी महागली म्हणून 30 नोव्हेंबर 1917 रोजी पंचम जॉर्जचं चित्र असलेली एक रुपयाची कागदी नोट निघाली, तीही पंचवीस-पंचवीसच्या पुस्तिकांमध्ये. फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानचं चलनही रिझर्व्ह बँकेच्याच नोटांवर चाललं. त्यांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान' एवढं जादा छापलेलं असे, आणि त्या नोटाही नाशिकच्याच. फाळणीवर पुस्तकं पुष्कळ आहेत, पण अशी एक नोट हातात घेतली की दोन देशांची वाटणी किती घाईत झाली ते कळतं.

नोटा जमवणारे सह्यांच्या मागे असतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. पहिली सही त्यांच्या नंतरच्या सर जेम्स टेलर यांची. मग 1943 मध्ये महाडजवळच्या नात्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि राजाच्या चित्राशेजारी देशमुखांची सही आली. भा. ना. आदरकर 1970 मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही मिळते आणि ती मिळवायला लोक वर्षं घालवतात. के. जी. आंबेगावकर 1957 मध्ये थोडे दिवस गव्हर्नर होते, पण त्या पदावरची त्यांची सही कुठल्याच नोटेवर नाही. ती बघायची तर एक रुपयाच्या नोटेवर, कारण ती नोट सरकारची, तिच्यावर सही अर्थसचिवाची, आणि आंबेगावकर आधी अर्थसचिव होते.

शाळकरी मुलांसाठी मंडळातला धडा आणखी सोपा असतो. खिशातलं नाणं काढायचं आणि सालाखाली बघायचं. चौकट किंवा हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एका वर्षाची चारही ठिकाणची नाणी मोडीतून वेचायला मूल लागलं की ते आपोआप वर्षं, धातू, आकार सगळं बघू लागतं. 1957 चा नया पैसा, 1964 नंतर गेलेलं 'नया', कमळाचे पितळी वीस पैसे, 2011 मध्ये बंद झालेली चार आण्याची पावली, हे सगळं मग ओळीने येतं. यात पैसे जवळजवळ लागत नाहीत.

पैसे लागतात ते फसवणुकीत. ट्रॅक्टरवाली पाचाची नोट किंवा वैष्णोदेवीचं नाणं द्या आणि लाखो घेऊन जा, अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. त्यात आधी 'नोंदणी', मग 'कर' म्हणून पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे प्रकार चालतात म्हणून बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावधही केलं. दुसरा नेहमीचा ऐवज म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि रामदरबाराचं चित्र असलेलं 1818 चं 'नाणं'. घरोघरी देवघरात ते पूजेला असतं. असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. हे सांगताना समोरच्या माणसाचं तोंड उतरतं, आणि चांगलं मंडळ ते सौम्यपणे पण स्पष्ट सांगतं. चांदीचा रुपया ओळखायला मंडळ शिकवतं ते साधं आहे: 1835 पासूनच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, चुंबकाला तो चिकटत नाही, कडेचे दाते एकसारखे असतात आणि ओतीव नकलेच्या कडेवर बहुधा जोडाची रेघ सापडते.

एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. "सापडलं कुठे" याचं उत्तर पुष्कळदा खोटं मिळतं. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हे 1972 च्या कायद्याने ठरलं आहे. शेतात नांगराला हंडा लागला की शेतकरी चौकशीच्या भीतीने गप्प बसतो, नाणी दहा ठिकाणी वाटली जातात आणि प्रत्येक विक्रेता वेगळ्या गावाचं नाव सांगतो. निधी फुटला की त्यातून मिळणारं ज्ञानही फुटतं. अशा वेळी मंडळांची जबाबदारी मोठी आहे. संशयास्पद ढीग टेबलावर आला की स्वस्तात मिळतोय म्हणून वाटून घेणं आणि त्याला योग्य दारापर्यंत नेणं, यांतलं दुसरं करणारं मंडळच मी मंडळ मानतो. भाव आणि फॅन्सी नंबर यांच्या गप्पांनी बैठका भरू लागल्या आहेत, आणि हे मला चांगलं लक्षण वाटत नाही. 786 ची नोट जमवण्यात गैर काही नाही, पण तिथेच थांबणारा माणूस अर्ध्या वाटेवर थांबतो.

तुमच्या घरीही आजीच्या डब्यात काहीतरी असेल. राणीछाप रुपया असेल, भोकाचा पैसा असेल, पुतळ्यांच्या माळेतली एखादी सुटलेली पुतळी असेल, जिचा नमुना मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचा आहे. ते नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका; वरचा काळसर थर बसायला वर्षानुवर्षं लागतात आणि एका घासण्यात जातो, त्याबरोबर अक्षरंही जातात. नोटेला लॅमिनेशन करू नका, स्टेपल मारू नका. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटात काही ठेवू नका, त्याने नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. सराफाकडे मोडीत देण्याआधी जवळच्या मंडळातल्या एखाद्या जाणत्याला दाखवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, की हे कुणाचं, कुठल्या गावाहून आणि साधारण केव्हा आलं. ती चिठ्ठी नाण्यासोबत एकाच पाकिटात ठेवा.