सख्खे सूर – ४ : ए साइड कोणाची?

डॉन आणि फिल एव्हर्ली या भावांची कथा मागच्या आठवड्यात पाहिली. १९७३ मध्ये भर कार्यक्रमात गिटार आपटून फिल निघून गेला आणि दोघं पुन्हा एकत्र गायला उभे राहीपर्यंत १९८३ उजाडलं. या आठवड्यातल्या गटात भाऊ तीन आहेत. त्यांच्यातला वाद त्यांनी स्वतः कधीच मिटवला. चाहत्यांनी मात्र तो अजून मिटू दिलेला नाही. बी जीजचा खरा आवाज कोणता? बॅरी गिबचा की रॉबिन गिबचा?

चाहत्यांत दोन तट आहेत आणि दोन्हीकडे पुराव्यांची वानवा नाही. रॉबिनच्या बाजूचे लोक १९६७ ते १९६९ या काळाकडे बोट दाखवतात. ‘मॅसेच्युसेट्स’ हे गटाचं ब्रिटनमधलं पहिलं क्रमांक एकचं गाणं, आणि ते रॉबिननं गायलं. ‘आय स्टार्टेड अ जोक’ही त्याचंच. थरथरणारा, रडवेला, एकदा ऐकला की दुसऱ्या कोणाचा वाटूच शकणार नाही असा तो आवाज. एक हात कानावर ठेवून गाण्याची त्याची लकबही चाहत्यांना पाठ आहे. बॅरीच्या बाजूचे लोक ‘टू लव्ह समबडी’ आणि ‘वर्ड्‌स’ची आठवण करून देतात आणि मग हुकमाचं पान टाकतात, ते म्हणजे १९७७ चं ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’.

गाण्यागणिक गुण मोजत बसलं तर हा वाद कधीच सुटणार नाही. भांडणाचं मूळ कोणाच्या गळ्यात नव्हतंच. ते होतं त्या काळी गाणी विकायच्या पद्धतीत.

थोडी पार्श्वभूमी. बॅरीचा जन्म १९४६ चा. रॉबिन आणि मॉरिस हे जुळे १९४९ चे. तिघंही आइल ऑफ मॅन बेटावर जन्मले, मँचेस्टरमध्ये वाढले, आणि १९५८ मध्ये आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला गेले. तिथे रेडक्लिफच्या स्पीडवेवर, दोन शर्यतींच्या मधल्या वेळात ही पोरं गायची आणि लोक धावपट्टीवर नाणी फेकायचे. धाकटा जुळा मॉरिस अवघ्या पस्तीस मिनिटांनी लहान, थोरला तीन वर्षांनी मोठा. एकाच खोलीत, एकाच गिटारभोवती ते गाणी रचायला शिकले. कोणती ओळ कोणाची हे त्यांनाही नेमकं सांगता येऊ नये, इतकं ते काम एकमेकांत मिसळलेलं होतं.

मग ते १९६७ मध्ये इंग्लंडला परतले, रॉबर्ट स्टिगवुड व्यवस्थापक म्हणून लाभला, आणि व्यवहार सुरू झाला. तेव्हा गाणं बाजारात यायचं ते सिंगल म्हणून. छोट्या तबकडीच्या एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. रेडिओवर वाजायची ती ए साइड. विक्रीच्या यादीत नाव लागायचं तेही बहुधा तिचंच. बी साइडला सोबत म्हणून दुसरं गाणं असे. ज्या गटात एकच मुख्य गायक असतो तिथे यात काही अडत नाही. बी जीजमध्ये मात्र प्रत्येक तबकडीच्या वेळी एका भावाला वर आणि दुसऱ्याला खाली ठेवणं भाग होतं.

१९६९ मध्ये हे फुटलं. ‘ओडेसा’ हा दुहेरी अल्बम तयार झाला होता. लाल मखमली वेष्टन, त्यावर सोनेरी अक्षरं. त्याच नावाचं गाणं रॉबिननं गायलेलं, साडेसात मिनिटांचं, समुद्रात हरवलेल्या जहाजाचं. पॉल बकमास्टरचा चेलो त्यात घुमतो. पण सिंगल म्हणून ए साइडला गेलं बॅरीचं ‘फर्स्ट ऑफ मे’, आणि रॉबिनचं ‘लॅम्पलाइट’ गेलं मागच्या बाजूला. ‘फर्स्ट ऑफ मे’मध्ये आवाज फक्त बॅरीचा, भावांच्या सुरांची साथसुद्धा नाही. रॉबिननं गट सोडला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

पुढचे काही महिने चाहत्यांनी नीट पाहावेत, कारण इतका स्वच्छ प्रयोग संगीताच्या इतिहासात क्वचितच घडतो. रॉबिननं एकट्यानं ‘सेव्ह्‌ड बाय द बेल’ काढलं. बॅरी आणि मॉरिसनं बी जीजच्या नावानं ‘डोन्ट फर्गेट टू रिमेंबर’ काढलं. त्याच वर्षी दोन्ही गाणी ब्रिटनच्या यादीत चढली आणि दोन्ही दुसऱ्या क्रमांकावर थांबली. ‘एकट्यानंही तो जिंकला असता’ असं म्हणणाऱ्या दोन्ही तटांना याचं उत्तर द्यावं लागेल. इथे एक गोष्ट हमखास सुटते. रॉबिनच्या त्या गाण्यातही वाद्यांवर मॉरिस होता. भांडण चालू असताना तो दोन्ही घरी काम करत होता.

१९७० मध्ये तिघं एकत्र आले, आणि चढाओढ संपली नाही. ती गाण्याच्या आत गेली. १९७१ चं ‘हाउ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट’ ऐकावं. रॉबिन सुरुवात करतो, मग बॅरी गाणं हातात घेतो, आणि ऐकणाऱ्याला सांधा जाणवतो तो आवाजाच्या रंगात. अमेरिकेतलं हे त्यांचं पहिलं क्रमांक एकचं गाणं. पुढच्या वर्षीच्या ‘रन टू मी’मध्ये उलट क्रम आहे: कडवं बॅरीचं, हळू, कुजबुजल्यासारखं; ध्रुवपद येतं आणि रॉबिन मोकळा सुटतो. एकानं दाबून धरावं आणि दुसऱ्यानं उघडावं, ही वाटणी जन्मभर एकमेकांशी ईर्ष्येनं गायलेल्या भावांनाच सुचते.

पुढे मायामीतल्या ध्वनिमुद्रणात ही तोल सांभाळणारी वाटणी मोडली. १९७५ मध्ये आरिफ मार्डिन या निर्मात्यानं ‘नाइट्स ऑन ब्रॉडवे’च्या शेवटी कोणीतरी वर ओरडावं असं सुचवलं, बॅरीनं तसं केलं आणि त्याला आपला फॉल्सेटो, म्हणजे वरच्या पट्टीतला खोटा आवाज, सापडला. त्यानंतरच्या डिस्को गाण्यांत तोच पुढे राहिला. रॉबिनच्या चाहत्यांची तक्रार इथे रास्त आहे: जगानं बी जीज म्हणून जो आवाज डोक्यात ठेवला, त्यात रॉबिन जवळजवळ ऐकूच येत नाही. तरी ‘स्टेइन अलाइव्ह’ आणि ‘नाइट फीव्हर’ यांच्या लेखनावर तिघांची नावं आहेत, हेही विसरून चालणार नाही.

आपल्याकडे लता आणि आशा यांच्याबद्दल असाच वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगला. तिथे मात्र एकेक गाणं संगीतकार एकेकीला देत असे आणि तबकडीवर तिचं स्वतंत्र नाव येत असे. गिब भावांना ती सोय नव्हती. तिघांना मिळून नाव एकच होतं.

म्हणूनच या वादात सगळ्यात मोठा अन्याय मॉरिसवर होतो. बास, पियानो, गिटार, आणि दोन मुख्य आवाजांना जोडणारा तिसरा सूर, एवढं सगळं सांभाळणारा हा माणूस चाहत्यांच्या मोजदादीत येतच नाही. जानेवारी २००३ मध्ये तो गेला. बॅरी आणि रॉबिन हे दोन्ही मुख्य गायक तेव्हा हयात होते, आणि त्या दोघांनी बी जीज हे नाव थांबवायचं ठरवलं. रॉबिन २०१२ मध्ये गेला.

वाचकांना एक विनंती. ‘फर्स्ट ऑफ मे’, ‘लॅम्पलाइट’ आणि ‘रन टू मी’ ही तीन गाणी याच क्रमानं ऐका, आणि तिसऱ्या गाण्याच्या ध्रुवपदात तिसरा आवाज शोधा. पुढच्या आठवड्यात मँचेस्टरचेच दोन भाऊ, नोएल आणि लियाम गॅलाहर.