गावाचे आरोग्य आणि गावाचे पुढारपण

इंदूर-बैतूल मार्गावरील, नर्मदाकाठच्या नेमावरपासून जवळच वसलेले आमचे खातेगांव एके काळी होळकर संस्थानात होते. त्या नात्याने अहिल्यादेवी आम्हां माळव्यातील मराठी मंडळींना घरच्याच वाटतात. त्यांचे जन्मगाव चौंडी ज्या जामखेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याने गेल्या अर्धशतकात जगाला आणखी एक धडा दिला. गावाचे आरोग्य सुधारावयाचे, तर पुढारपण कोणी करावे व कसे करावे, याचा तो धडा आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडास आले. वेल्लोरला वैद्यकीचे शिक्षण आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, एवढी विद्या पदरी होती. मुलूख मात्र दुष्काळी. लोकांशी बोलताना त्यांच्या ध्यानात आले की, गावकऱ्यांची पहिली निकड औषधांची नसून अन्नपाण्याची आहे. पाणी हे वैद्याचे काम नव्हे, असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. त्यांनी विंधनविहिरी खणविल्या. पुष्कळ ठिकाणी हातपंप दलित वस्तीत बसले आणि ज्यांचा विटाळ मानला जाई, त्यांच्याच दाराशी सवर्णांच्या घागरी येऊ लागल्या. डॉक्टर गावातील तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळत. त्या मेळाव्यांतून पुढे शेतकरी मंडळे उभी राहिली.

प्रारंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावांत ठेवून पाहिल्या. तो उपाय लागू पडला नाही, कारण बाहेरून आलेल्या बाईशी गावाचे मन जुळेना. तेव्हा गावातीलच एक स्त्री आरोग्यसेविका म्हणून निवडण्याचा मार्ग अवलंबिला गेला. या स्त्रिया बहुतेक निरक्षर, गरीब, कित्येक दलित. आठवड्यातून एकदा त्या जामखेडास येत, शिकत आणि शिकलेले परत जाऊन शेजारणींना सांगत. गर्भवतीची काळजी, स्वच्छ बाळंतपण, हगवण लागलेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोग्याची शुश्रूषा, असे त्यांचे कार्य. या भागात आरंभी हजार जन्मांमागे दीडशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावत; विसाव्या शतकाच्या अखेरीस ते प्रमाण तिसांच्या खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

आम्ही पेशाने शिक्षक. म्हणून या हकिकतीतील एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. विद्या दिल्याने वाढते, असे आपण मुलांना सांगतो. परंतु विद्येबरोबर मिळणारा मान मात्र सहसा कोणी वाटून देत नाही. आरोळ्यांनी तोही वाटून दिला. पुढाऱ्याने प्रथम ऐकावे, मग शिकवावे आणि शेवटी शिकलेल्यास पुढे करून स्वतः एक पाऊल मागे घ्यावे, हे तिथे घडले. हे तिसरे पाऊल सर्वांत कठीण होय.

हाच मार्ग गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी चोखाळला. त्यांनी तिथे १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. तिने शिकविलेल्या गावच्या स्त्रियांनी ३९ गावांत घरोघर जाऊन नवजात बालकांची निगा राखली. तेव्हा इतर गावांच्या तुलनेने तिथले नवजातमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून घरोघरी नवजात-शुश्रूषेचे हे काम देशभरच्या 'आशा' कार्यकर्त्यांकडे आले.

ही 'आशा' आपल्याकडे काही नवी नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून सामान्यतः हजार वस्तीमागे एक, अशा रीतीने ती गावोगावी नेमली गेली. मध्य प्रदेश हे अर्भकमृत्यूच्या बाबतीत देशातील अग्रभागीच्या राज्यांत दीर्घकाळ राहिलेले राज्य. आणि आमच्या तहसिलीत गोंड-कोरकूंचे पाडेही आहेत. पहिल्या आठवड्यात बाळ थंड पडते, दूध ओढत नाही, श्वास जोराने चालतो. तेव्हा त्या घरी वेळेवर पोहोचते ती हीच बाई. तिचे सांगणे ऐकले गेले तर बाळ वाचते. न ऐकले गेले तर तिचे सारे प्रशिक्षण वाया जाते.

इथेच आपल्या शिकलेल्या घरांचा प्रश्न येतो. औषधांचे शिबिर भरवून फोटो काढण्यापुरते आपले समाजकार्य थांबावे काय? ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीस आपण जाऊन बसावे, पण बोलण्याचा पहिला मान त्या कार्यकर्तीस द्यावा. ती दाराशी आली तर तिला ओट्यावर ताटकळत न ठेवता घरात बसवावे. सुनेस तिच्याशी मोकळेपणी बोलू द्यावे. आपण प्रतिष्ठित मंडळींनी तिचे ऐकले, तर आपल्याकडे पाहून आळीही ऐकेल. अहिल्यादेवींचे नाव सांगणाऱ्या समाजास एवढे पुढारपण जड जाऊ नये.