आईचे कप

मटेरियल सायन्सच्या पेपरात सिरॅमिक्सवरचा प्रश्न आपण हमखास ऑप्शनला टाकतो. मीही टाकला होता. त्याची शिक्षा दिवाळीच्या सुट्टीत मिळाली.

आईसाठी हाताने सहा कप केले. दोन दिवस सावलीत वाळवले, परसात अर्ध्या ड्रममध्ये भुसा आणि गोवऱ्या रचून मधे ठेवले आणि दिलं पेटवून. दहा मिनिटांत फटाफट आवाज! शेजाऱ्यांना वाटलं, उरलेले फटाके उडवतोय. चार कपांच्या ठिकऱ्या झाल्या.

गल्लीतले कुंभारकाका आवाज ऐकून आले. म्हणाले, "पोरा, भाजायच्या आधी गालाला लावून बघितलंस का? गार लागलं तर आत पाणी हाय." आमच्या लॅबमधल्या कुठल्याही मीटरपेक्षा स्वस्त टेस्ट! पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १७०० पट होतं. तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर ती कप फोडूनच निघणार. बरं, हे पाणी गेलं म्हणजे सुटलो असंही नाही. मातीच्या रेणूतही पाणी असतं. शुद्ध केओलिनाइटमध्ये वजनाच्या जवळजवळ १४ टक्के. ते साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघतं. त्यातच ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम फुगतो, आणि थंड होताना तिथेच आकसतो. म्हणून ६०० अंशांपर्यंत तासाला शंभरेक अंश, त्याहून घाई नको. भट्टीचं झाकणही लवकर उघडू नये. (हे शेवटचं मला अजून जमत नाही.)

ड्रममध्ये भाजलेली कुंडी चालते, पण त्या आचेवर ग्लेझ नीट वितळत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत इन्सुलेशनच्या विटा आणि कँथलची तार आणून घरी ३ किलोवॅटची भट्टी केली. २३० व्होल्टला १३ अँपियर, म्हणजे साध्या प्लगचं काम नव्हे. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं. हॉस्टेलच्या रूमवर कृपया कोणी प्रयत्न करू नये, रेक्टर सरांच्या आधी फ्यूज उडेल.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. सिलिका एकटी १७०० अंशांच्या वर वितळते. बोरॅक्ससारखा फ्लक्स घातला की ते तापमान हजारापर्यंत खाली येतं, आणि ॲल्युमिना असल्यामुळे ग्लेझ ओघळत नाही. बोरॅक्स पाण्यात विरघळतो, म्हणून तो आधी काचेत वितळवून दळलेला, म्हणजे फ्रिट स्वरूपात घ्यायचा. पावडर हाताळताना मास्क हवाच. आधी एकदा भाजून घेतलेला कप दोन-तीन सेकंद बुडवायचा, बूड पुसून कोरडं ठेवायचं, नाहीतर कप फळीला कायमचा चिकटतो.

फ्रिट शोधताना एका दुकानदाराने सुचवलं, "शेंदूर घाला, लवकर वितळेल." वितळेल हे खरं. पण मारुतीला फासतात तो शेंदूर मूळचा शिशाचा ऑक्साइड. नीट न बसलेल्या ग्लेझमधून लिंबू, ताक, चिंच असल्या आंबट पदार्थांत शिसं उतरतं. चव बदलत नाही, दिसत काही नाही, शरीरात मात्र साठत जातं. आई रोज त्यात ताक पिणार होती. मी शिसं नसलेलं फ्रिट मिळेपर्यंत तीन आठवडे थांबलो.

पहिले कप चकचकीत निघाले, पण थंड होताना "टिंग टिंग" ऐकू येऊ लागलं. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं, त्याच्यावर ताण आला आणि केसासारख्या भेगा पडल्या. काच ताणात कच्ची, दाबात पक्की. सिव्हिलवाल्यांना प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट आठवेल. ग्लेझही हलक्या दाबाखाली हवं. उपाय म्हणजे ग्लेझमध्ये थोडी सिलिका वाढवायची, त्याने प्रसरण कमी होतं. तिसऱ्या खेपेला दोन कप बिनभेगांचे निघाले.

आई त्यातल्या एकात ताक पिते. दुसरा पाहुण्यांसाठी कपाटात आहे. भेगांच्या कपांतून चहा झिरपतो, त्यामुळे त्यांतला एक माझ्या रूमवर पेन ठेवायला आणलाय. बघायला या.