सारं गाव मॅच पाहतं म्हणून चित्र फाटत नाही

२९ जून २०२४ ची रात्र. पिंपळगाव राजाला मामांच्या घरी टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल लागली होती. शेवटच्या षटकातला पहिलाच चेंडू दक्षिण आफ्रिकेच्या मिलरने उंच उडवला, सूर्यकुमार सीमारेषेकडे धावत सुटला आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर चौकोन झाले. आवाज तुटला, चित्र गोठलं. झेल झाला हे आम्हाला शेजारच्या घरातल्या आरोळीवरून कळलं. मामा हताश होऊन म्हणाले, "सारं गाव एकाच टायमाले मॅच पाह्यते, मंग सिग्नल पुरन कसा?"

ही समजूत मी गावोगावी ऐकली आहे आणि डिश अँटेनाच्या, म्हणजे छत्रीच्या, बाबतीत ती साफ चुकीची आहे. उपग्रहाचा सिग्नल उन्हासारखा असतो. माझ्या अंगणात ऊन पडलं म्हणून शेजाऱ्याच्या वाट्याचं कमी होत नाही. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या ज्या जीसॅट-१५ वरून येतात, तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. खाली एक छत्री आहे की एक कोटी, याचा त्याला पत्ताही नसतो.

मामांचं म्हणणं मोबाइलला मात्र लागू पडतं. ॲपवरची मॅच प्रत्येक फोनला वेगळी पाठवावी लागते आणि एका टॉवरची क्षमता त्याच्याखालच्या सगळ्यांत वाटली जाते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादच्या वनडे विश्वचषक फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक असल्याचं जाहीर झालं होतं. अशा वेळी ॲप मॅच बंद न पाडता चित्राचा दर्जा उतरवतं, म्हणून ते धूसर होतं. फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसल्या तरी त्यातून टॉवरचा सिग्नल जोरात येतोय एवढंच कळतं. टॉवरवर गर्दी किती आहे ते दांड्या सांगत नाहीत. शिवाय ॲपवरची मॅच छत्रीपेक्षा बरेच सेकंद मागे असते. शेजारी आधी ओरडला म्हणून आपला फोन बिघडला, असं समजायचं कारण नाही.

मग मामांकडे झालं काय होतं? सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. छत्रीच्या पुढच्या दांड्यावर सिग्नल टिपणारी डबी, म्हणजे एलएनबी, असते, तिला वायर जिथे जोडतात ती पिन मी हाताने फिरवून काढली. आतून पाण्याचा थेंब ओघळला. तांब्याची चकचकीत असायला हवी ती तार काळी पडली होती आणि तिच्या बुडाशी हिरवट बुरशीसारखा थर जमला होता. बोटभर वायर कापून टाकली, नवी पिन बसवली, वरून टेप गुंडाळली आणि पिनेच्या खाली वायरला एक झोळ दिला, म्हणजे पाणी पिनेत न शिरता झोळावरून खाली ठिबकतं. एवढंच काम. आदल्या रात्री घरातल्या बाकीच्यांना "सेटटॉप बॉक्स गेला" असं वाटत होतं.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं आणि त्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक दर्जाची. लोक ताकदीची पट्टी भरलेली बघून निर्धास्त होतात. बघायची असते ती दर्जाची. आमच्याकडे ताकद भरपूर होती आणि दर्जाची पट्टी सारखी खाली-वर होत होती. पिन बदलल्यावर ती जागच्या जागी थांबली.

घरोघरी होणारी आणखी एक चूक म्हणजे चित्र बिघडलं की छत्री हलवून बघणं. ही सवय जुन्या अँटेनाच्या काळातली आहे. तेव्हा पडद्यावर मुंग्या यायच्या, एक जण गच्चीवरून दांडा फिरवायचा, दुसरा खालून "अजून थोडं, बस!" ओरडायचा आणि मुंग्या हळूहळू कमी व्हायच्या. डिजिटलमध्ये हळूहळू असं काही नसतं. सिग्नल पुरेसा असेपर्यंत चित्र निर्दोष दिसतं आणि जरा खाली गेला की एकदम चौकोन. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची कड पाच मिलिमीटर सरकली तरी दिशा एक अंशाने बदलते आणि तिला दोन-तीन अंशांची चूकसुद्धा झेपत नाही. वानराने छत्रीवर उडी मारली असेल तर गोष्ट वेगळी. तसं नसेल तर छत्रीला हात लावण्याआधी पिन बघा.

पावसाचं म्हणाल तर तो सिग्नल अडवतो हे खरं आहे. छत्रीला येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात, मोठ्या सरींत त्या विरतात. पण हा त्रास काही मिनिटांचा असतो. पिंपळगाव राजाहून फ्री डिशचा उपग्रह आग्नेयेला, बराच उंच, साधारण ५९ अंशांवर आहे. म्हणून अंगण कोरडं असूनही आग्नेयेला दोन-तीन किलोमीटरवर कोसळत असेल तर चित्र जातं. आकाश निरभ्र असताना तासन्‌तास अडकत असेल तर हवामानाला दोष देऊ नका. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य बरोबर उपग्रहामागे येतो, तेव्हा काही दिवस सकाळी अकराच्या आसपास थोडा वेळ सिग्नल दबतो. कसोटी सामन्याच्या सकाळच्या सत्रात हे जाणवू शकतं. संध्याकाळच्या मॅचशी त्याचा संबंध नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची गोष्ट: "सिरियल झकास दिसते, मॅचच फाटते, म्हणजे टीव्हीच जुना झाला." वाहिनी प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाही. आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं, तेवढंच मुख्यतः पाठवते. सिरियलमध्ये सासूबाई खुर्चीत बसलेल्या, मागची भिंत तशीच, म्हणजे बदल ओठांचाच. चौकार गेला की कॅमेरा चेंडूमागे वळतो. गवताची पाती न् पाती, प्रेक्षकांचा चेहरा न् चेहरा, सगळंच एका क्षणात बदलतं. तेवढी माहिती वाहिनीला दिलेल्या जागेत मावत नाही, म्हणून गवताचा हिरवा लगदा होतो. यात दोष छत्रीचा नाही आणि टीव्हीचाही नाही. ओळखायची खूण सोपी आहे: आवाज शाबूत आणि चित्र पुसट, तर दोष वाहिनीच्या दर्जाचा. आवाजही तुटतो आणि चित्र गोठतं, तर आपल्या पिनेचा, वायरीचा किंवा पावसाचा.

साध्या वाहिनीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे पाचपट. त्रेचाळीस इंची टीव्हीवर साधी वाहिनी ताणली की ती फिकट दिसणारच, मग 'स्पोर्ट्स मोड' लावा किंवा शार्पनेस वाढवा. शार्पनेसने तर कडा रखरखीत होतात, तो मी कमीच करतो. आणि एचडी बॉक्स घेऊनही पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांनी टीव्हीला जोडलेला मी किती घरांत पाहिला आहे! पिवळ्या पिनेतून एचडी येतच नाही. एचडीएमआय वायर हवी, पण महागडी नको. डिजिटल चित्र महाग वायरीने उजळत नाही.

केबलवर डीडी नॅशनल लागतं पण मॅच दिसत नाही, हा तर बिघाडच नव्हे. भारताच्या सामन्यांचं जे प्रक्षेपण २००७ च्या कायद्याप्रमाणे प्रसार भारतीला मिळतं, ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरल्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं.

मामांच्या बॉक्सलाही मागे एचडीएमआयची जागा होती, धुळीने भरलेली. त्याच दिवशी खामगावहून वायर आणली. आता मृगाच्या आधी मामा पाना न् टेप घेऊन गच्चीवर जातात आणि पिन स्वतः उघडून बघतात.